पिस्तुलाचं कपाळ

माझ्या पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर एक छोटा काळा दांडा आहे. त्याला माशी म्हणतात. नेम धरताना मागच्या खाचेतून ही माशी बघायची. ती काळीभोर आणि कडांना रेखीव दिसली पाहिजे, समोरचं टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं. अठरा वर्षं मी हेच केलं. पन्नाशीला टेकले आणि सगळं उलटं झालं. टार्गेट स्वच्छ दिसायला लागलं आणि माशीला मिशा फुटल्या.

दुकानातही तेच. देवराज मोहल्ल्यात माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. आमच्या घराण्यात पूर्वी कापड रंगवायचे, छापायचे. आता रंगाचं कुणी नाही, कापड तेवढं सुटलेलं नाही. सुईत दोरा ओवताना मी तीनदा चुकायची आणि चौथ्यांदा सुईलाच शिव्या घालायची. माझ्या नाकावर राग असतो, हे गिऱ्हाइकांनाही ठाऊक आहे. शेवटी चष्मा केला. त्यातून सुई दिसते, पण हात लांब केला की त्या टोकाची माशी दिसत नाही. मग दुसरा चष्मा केला. त्यातून माशी दिसते, पण टार्गेट कुठे गेलं ते कळत नाही. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, नंबर अजून वाढेल, वयच आहे. त्यांच्या तोंडावर हसले आणि बाहेर येऊन रिक्षावाल्याशी भांडले.

येलवालच्या अलीकडे, हुणसूर रस्त्यापासून जरा आत, आमच्या क्लबची रेंज आहे. रेंज म्हणजे पत्र्याची लांब शेड, एका टोकाला आम्ही, दहा मीटरवर कागदी टार्गेटं. हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल आणि शिशाच्या बारीक गोळ्या, ह्यापलीकडे काही नाही. क्लबांच्या सामन्यांना तिघांचा संघ जातो आणि त्यात पहिल्यापासून मी होते. दर रविवारी सकाळी स्कूटर काढायची आणि दुपारपर्यंत कुणाची बहीण नाही, कुणाची मुलगी नाही, कुणाचा बिघडलेला ब्लाउज नाही. माझं स्वतःचं म्हणावं असं आठवड्यातलं तेवढंच होतं.

आमचे कोच शाळेतून निवृत्त झालेले ड्रिल मास्तर. कन्नडच बोलतात, त्यांचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे. श्रावणात त्यांनी मला बाजूला घेतलं.

"मेडम, साध्या साइटच्या, माशी-खाचेच्या संघात आता तुमची जागा धरता येत नाही मला. ह्या वर्षी डॉटचा वेगळा गट काढलाय. त्यात तिसरं माणूस हवं. दसरा झाला की पहिल्या रविवारी निवड. चाळीस गोळ्यांत तीनशे चाळीस करा, जागा तुमची."

"आणि नाही झाले तर?"

"तर नाही," सर म्हणाले. त्यांना गोड बोलता येत नाही, आणि एरवी मला ते आवडतं.

डॉट म्हणजे पिस्तुलावर बसवायची बोटभर उंचीची काच. तिच्यात एक लाल ठिपका उजळतो. माशी नाही, खाच नाही. टार्गेटकडे बघायचं, ठिपका त्यावर आला की ट्रिगर दाबायचा. जवळचं न दिसणाऱ्या माणसासाठी देवानंच केल्यासारखी गोष्ट. मला वाटलं, सुटले. घरी येऊन आईला सांगितलं की बघ, आता पुढची दहा वर्षं तरी कुणी मला हलवत नाही. पण मनात दुसरं ठरवून टाकलं होतं: हे जमलं नाही तर पिस्तूल कपाटात ठेवून द्यायचं आणि रविवारीही दुकान उघडायचं. संघात नसताना कडेला बसून दुसऱ्यांना टाळ्या वाजवणं माझ्यानं होणार नव्हतं.

काच मला पुण्याहून इथे नोकरीला आलेल्या एका इंजिनीअरनं वापरायला दिली. तो आमच्याच क्लबात येतो. माझं मराठी ऐकून त्याला नेहमी गंमत वाटते. "ताई, तुम्ही 'स्वल्प थांबा' म्हणता ते ऐकायला मी रोज यायला तयार आहे," म्हणतो. मी त्याला म्हणते, तुमचं मराठी इस्त्री करून आणल्यासारखं आहे, घालून बसायचीही भीती वाटते. पण माणूस चांगला. काच बसवून देताना त्यानं सांगितलं, "ठिपका गोल दिसतोय ना? मग ठीक. एखाद्या दिवशी तो चांदणीसारखा फुटलेला दिसला ना, तर साइट बदलून उपयोग नसतो. तो दोष डोळ्याचा असतो. माझ्या काकांचं तसंच झालं, सोडावंच लागलं त्यांना." त्यानं सहज सांगितलं, आणि ते माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

पहिल्याच दिवशी कळलं की डॉट चहाडखोर असतो. साध्या साइटमध्ये हात हलतो तो थोडाफार लपतो. इथे माझा हात किती हलतो ते लाल शाईत लिहून समोर धरलेलं. ठिपका टार्गेटवर डासासारखा भिरभिरायचा. मी त्याला पकडायला जायची, मध्यावर आला रे आला की ट्रिगर खेचायची, आणि गोळी दहाच्या वर्तुळाऐवजी सातात नाहीतर सहात. सर मागून म्हणायचे, "पकडू नका. ठिपक्याकडे बघूच नका. टार्गेटकडे बघा, तो येईल." मला राग यायचा. अठरा वर्षं ज्याच्याकडे बघ म्हणालात, त्याच्याकडेच आता बघू नको म्हणता? डोळ्यांना इतकी मोठी सवय मोडायला लावणं म्हणजे उजव्या हातानं जेवणाऱ्याला डावा हात पुढे करायला सांगणं. तरी महिनाभरात जमायला लागलं. तीनशे तीस झाले, मग तीनशे छत्तीस, आणि नवरात्र बसायच्या आधीच्या रविवारी तीनशे त्रेचाळीस. त्या दिवशी येताना मी येलवालला थांबून पाव किलो मैसूरपाक घेतला आणि आईच्या हातात दिला.

मग दसरा आला. महाराष्ट्रातले लोक ज्याला खंडेनवमी म्हणतात ती आमच्याकडे आयुधपूजा, आणि ती आई एकटीनं करते. मदत केलेली तिला चालत नाही. सकाळी अंघोळ करून ती शिलाई मशीन, कात्र्या, मिक्सर, गॅसची शेगडी, स्कूटर, सगळ्यांना गंध लावते, कुंकू लावते, झेंडू वाहते. स्कूटरपुढे कुंकू भरलेला कोहळा फोडते. माझं पिस्तूलही डब्यातून काढून पाटावर मांडलेलं असतं. आदल्या वर्षी तिनं नळीवर हळदीकुंकवाचा असा लेप दिला होता की तो काढायला मला एक तास लागला होता, आणि मी तिला नको ते बोलले होते. पूजेतलं हत्यार दसऱ्यापर्यंत वापरायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. त्यामुळे ते दोन दिवस मी पिस्तूल हातात घेतलं नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी पाटावरून उचललं, फुलं काढली, नळी बघितली. ह्या वेळी लेप नव्हता. बरं झालं, म्हातारीला पोचलं बोललेलं, असं मनात म्हणत मी ते डब्यात बंद केलं.

त्याच संध्याकाळी आईला घेऊन चौकात रोषणाई बघायला गेले. दसऱ्यात अख्खं गाव दिव्यांनी मढवलेलं असतं. आई बराच वेळ मान वर करून बघत होती. मग म्हणाली, "यंदा दिवे फार मोठे लावलेत, अल्वा?" अल्वा म्हणजे कन्नडमधलं 'हो ना'. माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशीची निवड. "दरवर्षीचेच आहेत," मी खेकसले आणि तिला घरी चल म्हणाले.

रविवारी दुपारी उशिरा रेंजवर आम्ही सहा जण होतो. चाळीस गोळ्या, पन्नास मिनिटं, त्याआधी हव्या तितक्या सरावाच्या. मी पिस्तूल उचललं, हात लांब केला, काचेतून बघितलं.

ठिपका फुटला होता. मधे लाल गोळा आणि त्यातून तिरप्या निघालेल्या किरणांचा पसारा, खालच्या उजव्या अंगाला शेपटी. मी हात खाली घेतला, डोळे मिटले, उघडले, पुन्हा बघितलं. चांदणी. डोळे चोळले. चांदणी. इंजिनीअर माझ्या शेजारच्या लेनमध्ये उभा होता. त्याला विचारावं असं वाटलं आणि लगेच वाटलं, नको. तो खरंच सांगेल. सर मागे खुर्चीवर बसले होते. त्यांनाही काही बोलले नाही. मला त्या क्षणी नेमाची नव्हे, दुकानाची आठवण झाली. काजं, हुक, काठाची तुरपाई. डोळा गेला तर फक्त रविवार जाणार नव्हता.

सर म्हणाले, सुरू.

पहिल्या दहा गोळ्या मी कशा मारल्या ते मला नीट आठवत नाही. दर गोळीनंतर कागद कप्पीवरून जवळ ओढायचा, भोक बघायचं, परत पाठवायचा. आठ, सात, नऊ, सात. मी टार्गेटकडे बघत नव्हते, त्या चांदणीकडे बघत होते, ती आवळून पुन्हा ठिपका होते का ते. दहा गोळ्यांचे एकोणऐंशी. तळहाताला इतका घाम की मूठ सरकत होती. पुढच्या दहांत चांदणीचा मध्य धरून मारायचा प्रयत्न केला. मध्य कुठला, हेच दर वेळी नव्यानं ठरवावं लागत होतं. एक्याऐंशी. अर्धा सामना संपला आणि एकशे साठ. उरलेल्या वीस गोळ्यांत एकशे ऐंशी हवे होते. दर गोळीला नऊ. असं मी डॉटवर कधीच मारलं नव्हतं.

पिस्तूल टेबलावर ठेवलं. घड्याळात बावीस मिनिटं उरली होती. मला रडू यायला लागलं आणि रडू येतंय म्हणून संताप यायला लागला. त्या संतापातच असेल, मी उजवा डोळा झाकून डाव्यानं बघितलं. तीच चांदणी, तीच शेपटी, खालच्या उजव्या अंगाला.

इथे माझ्यातली शिंपीण जागी झाली. शिवण वाकडी दिसते तेव्हा आम्ही डोळ्यांना दोष देत नाही आणि मशीनलाही देत नाही, कापड फिरवून बघतो. वाकडेपणा कापडाबरोबर फिरला तर तो कापडातला. नाही फिरला तर बाकीचे दोष शोधायचे. मी पिस्तुलात गोळी नाही हे बघितलं, नळी टार्गेटकडेच ठेवून मनगट वळवलं, पिस्तूल आडवं केलं. शेपटी फिरली. खाली होती ती बाजूला गेली. पुन्हा सरळ केलं, पुन्हा खाली आली.

डोळा नव्हता. काच होती. मी इतक्या जोरात श्वास सोडला की सरांनी मान वर केली.

नाक जवळ नेलं तर तिळाच्या तेलाचा वास आणि मागे पुसट कापूर. पिशवीत घाम पुसायला अस्तराच्या मलमलचा तुकडा होता. काचेवर तोंडाची वाफ सोडली, पुसलं, पुन्हा वाफ सोडली, दोन्ही अंगांनी कोपऱ्यापर्यंत पुसलं. मलमलवर फिकट गुलाबी डाग उतरला. कुंकू. आईनं काचेवर कुंकू लावलं होतं आणि मग मी ओरडेन म्हणून समईच्या तेलकट बोटांनी, पदरानं, ते पुसून टाकलं होतं. पुसलं कसलं, सारवलं होतं.

आता ठिपका गोल होता. मी देवाचे आभार मानले आणि आईला मनातल्या मनात जे बोलले ते इथे लिहीत नाही.

तिसऱ्या दहा गोळ्या मी आयुष्यात मारलेल्या सगळ्यांत चांगल्या गोळ्या. ठिपक्याकडे बघितलंच नाही. काळ्या वर्तुळाकडे बघत राहिले, लाल काहीतरी त्यावर येऊन थांबत होतं, बोट आपोआप दाबलं जात होतं. एक्याण्णव. म्हणजे शेवटच्या दहांत एकोणनव्वद. मागे सर खुर्चीवरून उठून उभे राहिलेले मला पत्र्यावरच्या सावलीत दिसत होते. नऊ, नऊ, दहा, आठ. नऊ, आठ, नऊ, नऊ, नऊ. नऊ गोळ्यांचे ऐंशी. एक गोळी, आणि नऊ हवे.

हात उचलला. ठिपका आला, थांबला. दाबायला हवं होतं. मी नाही दाबलं, अजून जरा मध्यावर येऊ दे म्हटलं. तो हलला. मी त्याच्याकडे बघितलं, आणि त्याला पकडायला गेले.

कागद ओढला. भोक आठ आणि नऊच्या रेषेवर. सरांनी तो मोजायच्या टेबलावर नेला, भोकात मोजपट्टीची खुंटी घातली, भिंगातून बघितलं, कागद फिरवून पुन्हा बघितलं. इंजिनीअरही वाकून बघत होता. भोक रेषेला टेकलं असतं तर नऊ धरले असते.

"नाही टेकत," सर म्हणाले. "आठ. तीनशे एकोणचाळीस."

मी काचेचं सांगितलं, मलमलचा तुकडा दाखवला. सरांनी तो हुंगून परत दिला. "सुरू म्हणायच्या आधी सांगितलं असतं तर थांबवलं असतं मी," म्हणाले. "का नाही सांगितलं?"

ह्याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि ते द्यायची लाज वाटली. डोळा गेलाय असं कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं, म्हणून गप्प बसले होते.

हुणसूर रस्त्यानं घरी येईपर्यंत मी आईशी अख्खं भांडण मनात भांडून घेतलं. तिची सगळी उत्तरं मीच दिली आणि ती सगळी खोडली. आई कट्ट्यावर मोगऱ्याच्या कळ्यांचा गजरा बांधत बसली होती. मी डबा तिच्यापुढे आपटला.

"हे काय केलंस गं? काचेला कुंकू लावतं का कोणी?"

"अय्यो, सुम्ने ओरडू नको उगाच. मशीनीला लावते, गाडीला लावते, सगळ्यांना कपाळ असते. ह्या तुझ्या पिस्तुलाला कुठं आहे कपाळ? वरती ही एवढी उभी काच दिसली, तिथं लावले. मग तू रागवशील म्हणून पुसून टाकले की लगेच."

"पुसलंस? तेल माखून ठेवलंस! माझी जागा गेली, आई. एका गोळीनं गेली."

तिचा हात थांबला. "चांगले पुसले होते गं मी. बघून पुसले. लख्ख होती काच."

"लख्ख? अगं, ठिपका फुटून नुसती चांदणी झाली होती. किरणं, शेपट्या. अर्धा सामना मला वाटत होतं माझे डोळे गेले."

आईला मी काय म्हणते ते कळलं नव्हतं, हे मला दिसलं. "मग? दिव्याला किरणं असतातच, अल्वा?"

संध्याकाळ होत आली होती. दसऱ्याच्या माळा अजून उतरवल्या नव्हत्या, आणि तेवढ्यात आमच्या रस्त्यावरच्या लागल्या. आईनं बोट दाखवलं. "तो बघ. त्याला केवढी आहेत. हा बघ, ह्याची तर शेजारच्यात गेली. तुला नाही दिसत?"

मी बघितलं. माळेतले दिवे बारीक होते, गोल होते. एकेक वेगळा दिसत होता. मग मी तिच्या मांडीवरचा गजरा बघितला. चार कळ्यांमागे एक दोऱ्याबाहेर गळलेली, आणि ती मोकळ्या दोऱ्यालाच गाठी मारत गेलेली.

मी कट्ट्यावर तिच्याशेजारी बसले. "कधीपासून दिसतं तुला असं?"

"गेल्या दसऱ्याला थोडे होते. यंदा पुष्कळ झाले."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितले की," आई म्हणाली. "दिवे यंदा फार मोठे लावलेत म्हटले. तू म्हणालीस, दरवर्षीचेच आहेत."